शुक्रवारचा आंबट वास

शुक्रवारी आमच्या घरात आंबट चालत नाही. संतोषी मातेचा वार. चिंच, लिंबू, ताक, सगळं आदल्या संध्याकाळीच आवरलेलं असतं. म्हणून त्या सकाळी आरतीचं तबक फिरवताना भार्गवीच्या तोंडाला आंबट वास आला, तेव्हा माझा हात थबकला.

भार्गवी माझी लेक. नाशिकला हॉटेलचं शिक्षण संपवून अमडापूरला घरी आलेली. मोबाइलवर नोकरीची मुलाखत होणार, एवढंच म्हणाली. कसली नोकरी विचारलं की विषय बदलायची.

आवाज चढवणं मला जमत नाही. पण डोळे काही मिटलेले नव्हते. कैरी चिरली की ही आधी डोळे मिटून हुंगायची. पेरूही, लिंबाची सालही. अंगणातलं गवतसुद्धा चुरगळून नाकाशी न्यायची. ठेच्याशिवाय घास न उतरणारी पोर आता ठेचा नको म्हणायची. आणि दुपारी मागच्या मोरीत जाऊन थुंकायची.

ते मी एकटीनेच पाहिलं असतं तर बरं होतं. शेजारच्या तानाबाईनेही पाहिलं.

"काऊन वं शैलजाबाई, पोरीले बरं नाही काय? सारखी थुंकून राह्यली."

"पित्त झालंय."

"हाव, पित्तच असंन," ती हसली. "माह्या सुनेलेही असंच पित्त झालं होतं. आता चालाले लागलं."

त्या दिवसापासून माझी पोथी वाचून व्हायची आणि काय वाचलं ते आठवायचं नाही. त्यात फोनवरचं बोलणं कानी पडलं. "सोहम, आईला अजून सांगितलं नाही रे. बाबांना कळलं तर घरात घेणार नाहीत."

आता शंकेला जागा राहिली नव्हती. उरलं होतं फक्त विचारणं.

आरती झाली. हे देवळात अभिषेकाला गेले. मी सोवळ्यातच तिच्यासमोर बसले.

"भार्गवी, पाळी कधी आली होती?"

ती बघतच राहिली. मग हसली. मग माझा चेहरा पाहून तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. "आई, तू काय समजून राहिलीस?"

उठली आणि मोरीतल्या बादलीतून ओल्या पोत्यात गुंडाळलेली बाटली घेऊन आली. "वाईन आहे. पांढरी, द्राक्षाची. गार ठेवावी लागते, आणि फ्रिज तर तू दहादा उघडतेस."

माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी अंगावर काटाही आला. देवघर चार पावलांवर.

"नोकरी याचीच आहे," ती म्हणाली. "कोणत्या वाईनसोबत काय खावं, ते गिऱ्हाइकाला सांगायचं. हिच्यात कैरी, पेरू, लिंबाची साल, ओलं गवत असे वास येतात. ते नाकाला पाठ व्हायला हवेत. तळलेलं, खारं हिच्यासोबत छान लागतं. तू परवा ओव्याच्या पानांची भजी केलीस ना, त्यांचं तेल जिभेवरून धुऊन निघालं. ठेच्यासोबत मात्र नुसती जळजळ. आणि गोडासोबत ही अगदीच फिकी, आंबटढोण लागते."

"गोडासोबत?" मी देवघराकडे पाहिलं. "गूळ-चण्याच्या प्रसादाबरोबर लावून पाहिलंस?"

"नाही गं! प्रसादाबरोबर कशाला? साधा शिरा होता."

"आणि सोहम?"

"वर्गातला. मुलाखतीच्या तयारीसाठी तो फोनवर प्रश्न विचारतो, मी उत्तरं देते. त्याचं लग्न ठरलंय, माझ्याशी नाही."

उत्तरं सगळी सरळ होती. एवढी सरळ, की माझा संशय आणखी बळावला. मी बाटली उजेडात धरली. निम्मी रिकामी.

"हे सगळं थुंकलंस?"

"हो. चव कळली की थुंकायचं. शिकवतातच तसं."

"सगळं?"

ती पदराच्या काठाकडे बघत राहिली. माझ्याच पदराच्या.

"नाही," शेवटी म्हणाली. "एखादा घोट गिळते. गिळल्याशिवाय मागे किती वेळ चव रेंगाळते, ते कळत नाही. आज सकाळीही गिळला. वार लक्षात नव्हता, आई."

हे ऐकून मला राग यायला हवा होता. पण त्या एका 'नाही'मुळे मला बाकीचं सगळं पटलं. खोटं बोलायचंच असतं, तर तिने तेवढंही झाकलं असतं.

फाटक वाजलं. हे आले. भार्गवीने घाईने पोतं ओढलं.

"राहू दे," मी म्हटलं.

यांनी दारातच वहाणा काढल्या, बाटली पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"बसा ना, बाबा," भार्गवीचा आवाज चिरकला. "सांगते."

मी तिच्या बाजूला सरकले आणि तिचा गार, ओला हात माझ्या हातात घेतला.