एका मुलीला एकच खुर्ची

“बाई, एका मुलीला दोन खुर्च्या मिळतील का?”

हा प्रश्न विचारायची पैज नाम-ओयला तिच्या मैत्रिणींनी घातली होती. “विचारलंस तर तू खरी! नाहीतर आठवडाभर आमची दप्तरं उचल,” असं खिम म्हणाली होती. आणि ही पंधरा वर्षांची धीट पोर भर सभागृहात मुख्याध्यापिकांना विचारून मोकळी झाली!

मित्रांनो, ज्या खुर्चीवरून हे सगळं रामायण घडलं, ती मीच. मी एक जुनी, हातांची लाकडी खुर्ची आहे. त्याआधी मी त्रांग प्रांतातल्या मळ्यातलं रबराचं झाड होते. रोज पहाटे चीक काढणारी मे ओर यायची, माझ्या सालीवर हलकेच तिरपी खाच पाडायची आणि वाटीत चीक ठिबकू लागला की बुंध्यावर प्रेमाने थाप मारायची. चीक आटला तेव्हा मला तोडलं, सुताराने घडवलं आणि मी शाळेत आले. तेव्हा माझं काय कौतुक झालं! आता एक पाय डुगडुगतो.

दर ऑगस्टात आईच्या दिवशी आम्हा खुर्च्यांची रांग लागते. आया बसतात, मुलं त्यांच्या पायाशी डोकं टेकून मोगऱ्याची माळ देतात. नाम-ओयला आया दोन, मे नी आणि तीच मळ्यातली मे ओर; आमच्याकडे आईला ‘मे’ म्हणतात. दोघींनी मिळून तिला तान्ही असताना अनाथालयातून घरी आणलं, पण कागदावर नाव लागलं एकट्या मे नीचं. म्हणून माझ्यावर बसायची मे नी. मे ओर मागे भिंतीशी उभी, तिघींच्या छत्र्या सांभाळत. नऊ वर्षं! मग कायदा बदलला, दोघींचं एकमेकींशी लग्न रीतसर नोंदलं गेलं. मे ओरचा दत्तकाचा अर्ज मात्र कचेरीतच पडून होता. नाम-ओयला पंधरा पूर्ण झालेली, म्हणून त्यावर तिचीही सही हवी होती.

यंदा नाम-ओयने विचारलं तेव्हा मुख्याध्यापिका सुपात्राबाई म्हणाल्या, “कागदावर आई एक, तर खुर्ची एक. दुसरी उभी राहील. दरवर्षी राहतेच की!”

कार्यक्रमाच्या दिवशी मे नी बसलीच नाही. “ओर, आज तू बस. मी बसून बसून कंटाळले बाई!”

“अगं, माझ्या कपड्यांना चिकाचा वास येतोय.”

“येऊ दे! पोरगी त्याच वासात वाढलीय.”

मे ओर बसली. तिचे खरखरीत तळवे माझ्या हातांवर टेकले आणि मी तिला लगेच ओळखलं. तेवढ्यात माइकवरून सुपात्राबाईंचा आवाज आला, “यादीत नाव असेल त्यांनीच बसा हं! पाहुणे आलेत.”

चटका बसावा तशी मे ओर उठली. “चुकलं बाई,” म्हणाली. चुकलं! नाम-ओयची माळ हातातच राहिली.

मित्रांनो, कुणाला बसवायचं हे आम्हा खुर्च्यांना ठरवता येत नाही. ते तुमच्या हातात असतं. माझ्या पायाला खिळा नाही ठोकलात तरी चालेल, पण मला कधी एकटीला मांडू नका.

मी तशीच रिकामी राहिले. दाराशी मे नी डोळे पुसत होती. मे ओर खाली मान घालून छत्री उघडत होती. नाम-ओय दोघींपुढे जाऊन उभी राहिली.

“मे नी, मे ओर, मी ठरवलंय. अर्जावरची सही मी उद्याच करते. आणि मे ओरच्या नावाचा कागद हातात पडेपर्यंत मी या सभागृहात पाऊल ठेवणार नाही. पहिल्या नंबरचं प्रमाणपत्र घ्यायलासुद्धा नाही.”