प्रसूती विभागाचा कॅमेरा

आमच्या विभागातला कॅमेरा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेला. माझ्या सोबतीची परिचारिका यित्स्के, तिच्या हातून तो सिंकमध्ये पडला. भिंग अर्धवट बाहेर आलं आणि ते काही केल्या आत जाईना. "बरं झालं, एकदाचा मेला," यित्स्के म्हणाली आणि लगेच रडायला लागली.

बाहेरच्या माणसाला वाटेल, प्रसूती विभागातला कॅमेरा म्हणजे हौसेची वस्तू. पण ज्यांची बाळं रडत जन्माला येतात, त्यांच्या खोलीत कॅमेऱ्यांना तोटा नसतो. मावश्या असतात, आज्या असतात, इथल्या रीतीने बडीशेपेच्या गुलाबी-निळ्या गोळ्या लावलेली टोस्टं वाटणारा बाप असतो. आमचा कॅमेरा होता तो न रडता आलेल्या बाळांसाठी. वर्षाला आठ-दहा. लेउवार्डनसारख्या शहराच्या मानाने हे फार नाही, असं डॉक्टर सांगतात. मी एकतीस वर्षं इथे सुईण आहे. मला ते कधी थोडे वाटले नाहीत.

फोटो बहुतेक वेळा मीच काढायचे. कुणी ठरवलं नव्हतं, बाकीच्या टाळायच्या म्हणून माझ्या गळ्यात पडलं. कॅमेऱ्यातलं मला काही कळत नव्हतं. बटण दाबायचं, उजेड चमकायचा, झालं. आदल्या मार्चमध्ये एका मुलीचे मी सहा फोटो काढले होते. दोन महिन्यांनी तिची आई फोटोंचं पाकीट न्यायला आली. तिने सहाही फोटो दोनदा बघितले आणि हळूच विचारलं, "अजून एखादा नाही का?" सहाही फोटोंत चमक थेट चेहऱ्यावर पडली होती. नाक-डोळे दिसतच नव्हते, नुसता पांढरा डाग. मी म्हटलं, नाही. तिने मला 'थँक यू' म्हटलं. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर मदतमंडळाच्या बायकांनी नाताळच्या बाजारात विणलेले मोजे विकून नव्या कॅमेऱ्यापुरते पैसे द्यायचं कबूल केलं, आणि आमच्या मुख्य परिचारिका ड्यूकेबाई मला म्हणाल्या, "आफ्के, तूच बघ काय घ्यायचा तो."

"मीच का?"

"दुसरं कोण फोटो काढतं?"

"दुसरं कुणी काढत नाही म्हणून मी काढते. म्हणजे मला त्यातलं कळतं असं नाही."

"शुक्रवारची सुट्टी आहे ना तुला? मग जा की."

माझी शुक्रवारची सुट्टी अशी गेली.

कालव्याच्या कडेला विबेचं दुकान आहे. विबे साठीचा, चष्मा कपाळावर ठेवून दिवसभर तोच शोधणारा माणूस. माझ्या लग्नाचे फोटो त्याच्या वडिलांनी काढले होते. त्याने काचेवर दोन कॅमेरे मांडले. एक काळा, हातभर वाटावा असा, पुढे भिंग बदलता येणारा. त्या जातीतला सगळ्यात स्वस्त, शिकाऊ लोकांसाठीचा, असं तो म्हणाला. दुसरा चंदेरी, साबणाच्या वडीएवढा, पण निम्म्या जाडीचा.

"हा मोठा आहे ना, त्याच्या पोटात उजेड पकडणारी चकती केवढी, तर टपालाच्या तिकिटाएवढी. आणि या बारक्याच्या पोटात करंगळीच्या नखापेक्षा लहान. म्हणून अंधाऱ्या खोलीत हा मोठा बाजी मारतो. चमक लागत नाही, खिडकीचा उजेड पुरतो. पण शिकायला लागतं, आणि वजन आहे. हा बारका खिशात टाकला की विसरलात. कशाचे फोटो काढायचेत, बाई?"

"बाळांचे."

"हां! मग मोठाच घ्या. बाळं एक क्षण स्वस्थ बसत नाहीत. हा झटकन धरतो, बारका रेंगाळतो."

"ही हलत नाहीत," मी म्हटलं.

विबेने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. बराच वेळ तो दोन्ही कॅमेरे फडक्याने पुसत राहिला. मग दोन्ही एका पिशवीत घालून त्याने पिशवी माझ्यापुढे सरकवली.

"आठवडाभर ठेवा. नको असेल तो परत आणा."

पुढचे चार दिवस कॉफीच्या खोलीत दुसरा विषय नव्हता. विबेने कागदावर लिहून दिलेलं वाचून वाचून मी मोठ्या कॅमेऱ्याने पावाचे, केळ्याचे, यित्स्केच्या हातांचे फोटो काढले. मनगटं दुखत होती. ती तशीही दुखतात. पण तिसऱ्या दिवशी केळ्याचा एक फोटो असा आला की मी बघतच राहिले. सालीवरचा एकेक ठिपका, आणि मागे खिडकीचा मऊ करडा उजेड.

"केळं म्हणून छान आहे," यित्स्के म्हणाली. "पण आफ्के, हे यंत्र बारा जणींनी शिकायचं? माझे हात त्या खोलीत किती थरथरतात ते तुला माहीत आहे. मला एकच बटण हवं. आणि त्याचा आवाज ऐकलास का? खटॅक! त्या खोलीत शिंक आली तरी माणसाला लाज वाटते."

"मी काढीन ना फोटो."

"तुझ्या सुट्टीच्या दिवशी? तू आजारी पडलीस तर? अगं, तू तीन वर्षांनी निवृत्त होशील, तेव्हा?"

तिचं बरोबर होतं, आणि तिचं बरोबर होतं याचाच मला राग आला. इतक्या वर्षांत त्या कामातली एक तरी गोष्ट मला नीट करायची होती.

बुधवारी दुपारी नीन्के आणि तिचा नवरा सीबे आले. चौतिसावा आठवडा. दोन दिवस पोटात हालचाल नव्हती. पुढचं सगळं आम्हाला पाठ असतं. सांगायचं कसं, बसायचं कुठे, हात कधी धरायचा. पाठ असतं म्हणून सोपं जात नाही, फक्त आपण त्यातून चालत राहतो. गुरुवारी सकाळी दहा वाजता मुलगा झाला. त्यांनी त्याचं नाव तामे ठेवलं. नीन्केने त्याला घेतलं आणि ती त्याच्याशी फ्रीजियनमध्ये, इथल्या भाषेत, काहीतरी बोलत राहिली. सीबे भिंतीला टेकून उभा होता. तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. हात फावड्यासारखे, नखांत न निघणारं वंगण. ते हात त्याने काखेत दाबून धरले होते. "घ्या ना जवळ," मी एकदा म्हटलं. त्याने नुसती नकारार्थी मान हलवली. दुसऱ्यांदा मी म्हटलं नाही.

अकराच्या सुमाराला उजेड बरा होता. मी मोठा कॅमेरा घेऊन आत गेले. सीबेची नजर त्यावर पडली.

"हे काय? लग्न आहे का इथे?"

"सीबे," नीन्के म्हणाली.

"नाही, विचारतोय मी. हसायला पण सांगणार का आता ही बाई आम्हाला?"

मी कॅमेरा खाली केला. "नको असेल तर नाही काढत. मी जाते."

"थांबा," नीन्के म्हणाली. "काढा तुम्ही." आणि नवऱ्याकडे न बघता, "तुला बघवत नसेल तर बाहेर जा तू."

तो बाहेर गेला नाही. मी पडदा पूर्ण सरकवला, बाळाचा पाळणा खिडकीशी नेला, मग नीन्केलाही खुर्चीत खिडकीशी बसवलं आणि बाळ तिच्या हातात दिलं. पहिला फोटो काढला. खटॅक. यित्स्के म्हणाली होती तसंच, भलता मोठा आवाज. दुसरा. तिसरा. दर आवाजाला सीबेचे खांदे उडत होते, कुणीतरी पाठीत मारल्यासारखे. चौथ्यानंतर तो म्हणाला, "पुरे आता. पुरे करा हो."

मी पुरे केलं. बाहेर जाण्याआधी ॲप्रनच्या खिशातला बारका कॅमेरा काढून टेबलावर ठेवला. "हा इथे असू दे. वरचं बटण दाबलं की फोटो निघतो. दाबलंच पाहिजे असं नाही."

मी बाहेर आले आणि दार हळूच ओढून घेतलं.

दुपारी दुसऱ्या खोलीत जुळी आली, दोघंही ओरडत. मी एकीकडे तिथे होते, एकीकडे इथे. साडेतीनला नीन्केची नाडी बघायला गेले तेव्हा ती औषधाने गाढ झोपली होती. सीबे खुर्चीत बसला होता, डोळे लाल. पाळणा पुन्हा खिडकीशी होता. सकाळी तो मी पलंगाजवळ परत आणून ठेवला होता, हे मला पक्कं आठवत होतं. बाळाची दुलई पायाकडून जरा वेगळी गुंडाळलेली होती. नाडी बघितली, लिहिली आणि निघाले.

संध्याकाळी त्याने कॅमेरा माझ्या हातात दिला. "त्यात आहेत काही," तो म्हणाला. "वाईट आलेत बहुतेक. माझी बोटं जाडी आहेत."

"छापून पाकिटात ठेवू का? तुम्हाला पाहिजे तेव्हा न्या. सहा महिन्यांनी, वर्षाने, कधीही."

"ठेवा. तिला आता सांगू नका पण."

शुक्रवारी मी विबेकडे गेले. त्याने दुकानाचं दार आतून लावून घेतलं आणि सगळे फोटो स्वतः छापले. माझे चार. त्यातला तिसरा सुरेख होता, खोटा विनय कशाला करू. नीन्केचा गाल, तामेचं कपाळ, दोन्हींवर तोच उजेड. कुठे पांढरा डाग नाही, कुठे कठोर सावली नाही. सीबेचे त्रेसष्ट. निम्मे हललेले, काहींत चमक पडलेली. कान. नखं. टाचा. उघडा तळवा, आणि त्याच्या शेजारी मापाला ठेवल्यासारखा एक जाडजूड अंगठा. पंधराएक फोटोंत त्याचंच बोट भिंगावर आलेलं.

"हा तुमचा," विबे तिसऱ्या फोटोवर बोट ठेवून म्हणाला, "या बारक्याने जन्मात निघाला नसता."

"माहीत आहे."

"मग मोठाच ठेवणार ना?"

"नाही. बारका."

"चुकताय, बाई. दोन्हींची किंमत सारखी असती तरी मी हेच सांगितलं असतं."

"असेल. पण हा दुसऱ्याच्या हातात देता येतो, विबे. मोठा माझ्याच हातात राहणार. आणि मी तिथे असले की लोक भिंतीला चिकटून उभे राहतात."

मोठा कॅमेरा त्याने पेटीत ठेवला, पट्टा नीट गुंडाळला. खरं सांगायचं तर त्या वेळी मला वाईट वाटलं. त्या आठवड्यात मला तो आवडायला लागला होता. सायकल वाऱ्याविरुद्ध ढकलत घरी आले, बुटांसकट पलंगावर आडवी झाले आणि चारपर्यंत झोपले.

ड्यूकेबाईंनी सोमवारी विचारलं, "कोणता?"

"बारका."

"का?"

मी थोडक्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. जास्तीची बॅटरी घे सोबत." आणि त्यांनी अर्जावर सही केली. माझी आठवड्याची डोकेफोड त्यांच्या एका मिनिटात संपली.

जानेवारीत, सहा आठवड्यांच्या तपासणीला, नीन्के एकटीच आली. बर्फाने बूट भिजले होते. तपासणी झाल्यावर कोट घालता घालता तिने विचारलं, "फोटो आहेत का हो?"

मी पाकीट आणलं आणि कोऱ्या भिंतीच्या त्या छोट्या खोलीत तिच्याजवळ बसले. पहिले चार माझे होते. तिसरा तिने छातीशी धरला. "हा आईला देईन," ती म्हणाली. मग पुढचा गठ्ठा उघडला आणि थांबली.

"हे कुणी काढले?"

"सीबेने. तुम्ही झोपला होतात तेव्हा."

"नाही. तो कॉफी प्यायला गेला होता. मी विचारलं होतं त्याला, कुठे होतास दुपारभर. म्हणाला, खाली कॉफी पीत बसलो होतो." ती एकेक फोटो टेबलावर ठेवत गेली. कान, टाचा, नखं. "तो घरी एक शब्द बोलत नाही. मी नाव काढलं की उठून गोठ्यात जातो. मला वाटलं, याने हात सुद्धा लावला नाही त्याला. सहा आठवडे मी त्याच्यावर डूख धरून आहे. परवा त्याला म्हटलं पण, तुला काय, तू भिंत बघत उभा होतास."

बाहेर कुठल्यातरी खोलीतून मला बोलावणारी बेल वाजत होती.

अंगठ्याचा फोटो तिने सगळ्यात शेवटी उचलला. तळव्याशेजारी तो अंगठा, नखातलं काळं वंगण. "याला हात धुवायला नको का आधी," ती म्हणाली आणि तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती टेबलावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. बेलला यित्स्के गेली.

जाताना तिने सगळे फोटो पिशवीत नीट भरले. दारात थांबून म्हणाली, "आज त्याला वाटाण्याचं सूप करते. त्याला आवडतं." आणि मग, "टेबलावर हे ठेवू का त्याच्यासमोर? की लगेच नको?"

"मला नाही सांगता येणार," मी म्हटलं. "तुम्ही घरी जा आधी. पाय कोरडे करा."

तिने मान डोलावली आणि ती गेली.