गोंदण पुसून दाखवा

"गोंदण खोटं? म्हणजे काय, मी माउसने काढलं का ते?" मी फोनवर एवढ्या जोरात ओरडले की पासपोर्ट फोटोसाठी बसलेला माणूस स्टुलावरून उठलाच.

फोनवर सारिका होती, अलिबागच्या छायाचित्र स्पर्धेचं काम बघणारी. माझा फोटो शेवटच्या तिनांत आला होता. स्पर्धेचा नियम एकच, फोटोला कॉम्प्युटरचा हात लागलेला नको. आणि परीक्षक म्हणत होते, म्हातारीच्या कपाळावरचं न् हनुवटीवरचं गोंदण इतकं हिरवंगार आहे, ते नक्की मागाहून भरलंय. मूळ फाइल पाठवा, नाहीतर चार वाजता नाव बाद.

मूळ फाइल कुठून आणू? आमच्या स्टुडिओत दर शनिवारी कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करतात. आणि ते करते कोण? मीच!

मी आम्रपाली. महाडच्या बाजारपेठेतल्या स्टुडिओत अकरा वर्षं एडिटिंग करते. मुरूम पुसा, व्रण पुसा, सावळीला गोरी करा. बिरवाडीपासून सव गावापर्यंतच्या निम्म्या नवरीमुली मीच उजळवल्यात. कॅमेरा मात्र मालकांचा, रितेशदादांचा. त्याला मी हात लावायचा नाही. एकदाच, ते लग्नाच्या ऑर्डरला गेले असताना, उमरठच्या वरच्या वाडीतली चंद्रभागाआजी आली.

"माझा फोटू काढ गो," म्हणाली. "मी मेले की पोरं आधारकार्डावरचाच लावतील भिंतीला. त्यात मी चोरावानी दिसते." आणि स्वतःच्याच बोलण्यावर बोळकं उघडून अशी हसली! मी बटण दाबलं. आयुष्यातला माझा पहिला फोटो. तो तेवढा मी जसाच्या तसा छापून स्पर्धेला पाठवला होता. अकरा वर्षं खोटं केलं, कोणी हूं का चूं केलं नाही. एकदा खरं केलं तर पुरावा मागतात! असला संताप आला म्हणून सांगू.

"बाईच समोर उभी केली तर?" मी विचारलं. "व्हिडिओ कॉलवर. म्हणावं, डोळे फाडून बघा."

सारिकाने विचारून सांगितलं, "चालेल ताई. पण चारच्या आत."

रितेशदादांनी कपाळावर हात मारला. "आज तीन अल्बम द्यायचेत, आम्रपाली!"

"नवरीबाईंना म्हणावं, आजचा दिवस सावळ्याच राहा," म्हटलं, आणि स्कूटी काढली.

पोलादपूर कधी मागे पडलं कळलंही नाही. उमरठच्या पुढे डांबर संपलं तिथे गाडी लावली आणि चढण धावत चढले. अकरा वर्षं खुर्चीवर बसलेल्या बाईचं धावणं ते, जीव नुसता घशाशी आला. आजी अंगणात नाचणी झोडपत होती.

"आजी, रेंज कुठे मिळते?"

"टाकीपाशी. कोन मेला का गो?"

"कोणी नाही मेलं! तुमचं गोंदण खोटं आहे म्हणतात!"

आजीने काठी टाकली. "कोन म्हनतो? दाखव मला त्याचा थोबाड."

कॉल लागला तेव्हा चाराला सात कमी होते. समोर तीन चष्मेवाले. त्यांतला एक अगदी गोड आवाजात म्हणाला, "आजी, हा रंग लावलाय का हो?"

"रंग? आठ वर्साची होते मी. चौघींनी धरून ठेवली मला. तीन दीस तोंड सुजलेला. म्हनं रंग!" तिने टाकीचा नळ सोडला, पदर भिजवला आणि फोनसमोर कपाळ घासायला लागली. हनुवटी घासली. पुन्हा कपाळ. कातडी लालबुंद झाली, मला बघवेना. गोंदण जागचं हललं नाही. "गेला का? बघ नीट! मेल्यावर अंगावरचा मनी न् मनी काढून घेतील, पन ह्या गोंदन संगती येनार हाय. तू काय पुसतोस रे!"

मग मधल्याने हात जोडले.

सव्वाचारला सारिका फोनवर किंचाळली, "ताई, पहिला नंबर!" मी त्याहून मोठ्याने किंचाळले. टाकीभोवती नाचले, आजीला मिठी मारली. तिला काय कळलं कोण जाणे, पण तीही दोन पावलं नाचली. खरं सांगते, पोरगी झाली तेव्हासुद्धा एवढी रडले नव्हते.

"चल, चाय पी," आजी म्हणाली. "आनि तुझी एक वस्तू हाय माझ्याकडं."

आत जाऊन तिने ट्रंक उघडली. लुगड्यात गुंडाळलेली फ्रेम काढली, आमच्याच स्टुडिओची. "ही कोनची तरी बाय चुकून आली बघ माझ्या पिशवीत. गोरीगोमटी हाय. तिची मानसं शोधत असतील, म्हनून जपून ठेवली."

मी बघितलं. लुगडं तेच, गळ्यातली माळ तीच. भिंतीवर लावायला म्हणून मीच दिलेला, त्याच दिवशीचा दुसरा फोटो. सुरकुत्या गेलेल्या, गाल गुळगुळीत, कपाळ कोरं, हनुवटी कोरी. गोंदण मी डाग म्हणून पुसलं होतं. सवयीने. दोन मिनिटंही लागली नसतील.

"आणि तुमचा?" मी विचारलं.

"माझा आला नाय अजून. काय घाई नाय गो. मी हाय अजून."

सांगावं असं ओठांवर आलं. पण त्या लाल झालेल्या कपाळाकडे बघून जमलं नाही. "होय आजी, चुकूनच आली," मी म्हटलं आणि फ्रेम पिशवीत घातली.

"सांभाळून ने," ती म्हणाली. "परक्याची वस्तू हाय."