लोणच्याचा डाग

मी नागपूरची एक जुनी काचेची बरणी आहे. मित्रांनो, माझा जन्म लोणच्यासाठी झाला आणि सात-आठ वर्षं मी ते इमानेइतबारे सांभाळलं. १९९५ साली उपासना शिकायला अमेरिकेला निघाली, तेव्हा तिच्या आईने मला गळ्यापर्यंत कैरीचं लोणचं भरून, टॉवेलात गुंडाळून बॅगेत ठेवलं.

तिथल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात ते वर्षभरात संपलं. मग उपासनाने मला चार वेळा साबणाने घासलं आणि नवं काम दिलं. तिच्या सरांना एक रानटी बंबलबी, म्हणजे गुबगुबीत केसाळ मधमाशी, हवी होती. काळं-पिवळं अंग आणि पोटाच्या दुसऱ्या पट्ट्यावर तांबूस ठिपका, हीच तिची ओळख. ती फार कमी झाली होती. अजून इथे आहे की संपली, हे उपासनाला शोधायचं होतं. फुलावरची माशी ती माझ्यात अलगद धरायची, दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करायची, भिंगातून बघून सोडून द्यायची.

"यार उपासना, दह्याशेजारी परत माशी?" तिची रूममेट पद्मजा वैतागायची. सुट्टीत पद्मजा जर्सी सिटीला गेली आणि घरात आम्ही दोघीच उरलो. उपासना माझ्याशीच बोलायची. बरणीला तोंड असतं, पण बोलता कुठे येतं!

ऑगस्टमध्ये एक माशी आली. पोटावर तांबूस ठिपका! उपासनाने भिंग आणखी जवळ आणलं. मग तिने माझं झाकण हुंगलं. त्याचा वास काही गेला नव्हता.

"छे, लोणच्याचं तेल लागलंय हिला. उगाच सरांसमोर हसं व्हायचं."

तिने एक फोटो काढला, वहीत 'साधी जात' लिहिलं आणि माशी सोडून दिली. मित्रांनो, मी आतून लख्ख होते हो!

कॅमेऱ्याचा रोल धुऊन आला तोवर ऑक्टोबर लागला होता. फोटोत ठिपक्याचा केस न् केस मुळापासून तांबूस होता. उपासना मला पोटाशी धरून रडली. "हातात होती गं, मीच ओळखलं नाही."

तिने वहीतलं 'साधी' खोडलं. पुढचे दोन उन्हाळे आम्ही रोज त्याच फुलांपाशी गेलो. तो ठिपका पुन्हा दिसला नाही.

आता मी खिडकीत रिकामी असते. आईचं नवं लोणचं उपासनाने दुसऱ्या डब्यात काढलं. मला मात्र ती अजून धुते, झाकण हुंगते.

मित्रांनो, कुणाच्या अंगावर वेगळा रंग दिसला, तर त्याला डाग म्हणण्याआधी पुन्हा एकदा बघा. ती माशी माझ्यात दहा मिनिटं होती, आणि आम्ही तिला तिच्या नावाने हाकसुद्धा मारली नाही.