गाठीपाशी टिक्

मी एक जुने धनुष्य आहे. मित्रांनो, मी घाईने बोलते आहे, कारण समोरची मुलगी बाण निवडते आहे. तिला बाण सापडला की ती मला ओढणार, आणि ओढत असताना मला काही सुचत नाही. तेव्हा फक्त गाठ आठवते.

गाठ माझ्या मुठीच्या वर, वीतभर अंतरावर आहे. तिथे झाडाला कधीकाळी फांदी फुटली होती.

वादळात पडलेल्या झाडाचा मी एक दांडा. जळणात निघाले होते. खुर्च्या करणाऱ्या बाईंनी मला ढिगातून उपसले, डोळ्यांसमोर आडवे धरले आणि म्हणाल्या, "वाकडं आहे, गाठाळ आहे. पण चिवट दिसतंय."

"म्हणजे माझ्यासारखं," त्यांची मुलगी म्हणाली. तिला सगळे काडी म्हणत.

"तू कुठली चिवट? जिना चढलीस की धापा टाकतेस!"

तिरंदाजीच्या क्लबातले धनुष्य काडीला झेपत नसे. तिचे हात थरथरत आणि बाकीची मुले हसत. तिला तिच्या बेताचे धनुष्य हवे होते.

बाईंनी मला तासले. पाठीवर झाडाचे एकच वलय या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड ठेवले. टोके पातेल्याच्या वाफेवर मऊ केली आणि साच्याला बांधून उलटी, पुढच्या बाजूला वळवली. मग रोजचा छळ सुरू झाला. मला भिंतीवरच्या खुंटीला अडकवायचे, दोरी कप्पीतून थोडी ओढायची, लांब उभे राहून माझा बाक बघायचा, जिथे ताठ तिथे पत्र्याने खरवडायचे. पुन्हा ओढायचे. दर वेळी वाटे, आता गेले मी.

गाठीभोवती मात्र त्यांनी लाकूड जाड ठेवले. तिथे बोटाला लागेल असा उंचवटा राहिला. दिसायला ओबडधोबड, पण मला तोच सांभाळून होता.

आणि या घरात पॉलिशवाले आजोबा होते.

(समोरच्या मुलीने एक बाण उचलला. वाकडा निघाला. ठेवला.)

आजोबा बाईंचे सासरे. उभा जन्म लाकूड गुळगुळीत करण्यात गेलेला. त्यांच्या अंगठ्याखालून गेल्याशिवाय त्या घरातली कुठलीही खुर्ची बाहेर पडत नसे. डोळे मिटून अंगठा फिरवायचा. अडला की तिथे घासायचे. एकदा बाई खुर्च्या पोचवायला गेल्या होत्या. आजोबांनी नातीचे धनुष्य मांडीवर घेतले. अंगठा गाठीपाशी अडला.

पॉलिश पेपर. घासले. तेल. घासले. मला ओरडायचे होते. घासले.

"काय देखणं झालंय हो, आजोबा!" काडी म्हणाली. शेजारीपाजारीही बघायला आले. इतके कौतुक माझे पुन्हा कधी झाले नाही. इतकी भीतीही पुन्हा कधी वाटली नाही.

बाई परतल्या तेव्हा काडी अंगणात बाण लावूनच उभी होती. "आई, बघ!"

ओढले. मी वाकले. आणखी. गाठीत कळ आली. आणखी, तिची मूठ हनुवटीकडे येते आहे, आणखी

टिक्.

मला एवढेच म्हणता आले.

"नवं लाकूड कुरकुरणारच," आजोबा म्हणाले. "खुर्ची नाही का कुरकुरत?"

"काडी, सोडू नकोस!" बाई ओरडल्या. दोरी सुटली असती तर त्या झटक्यात मी मोडून तिच्या तोंडावर गेले असते. "धरून ठेव. आता हळू परत आण. हळू, बाळा."

"हात थरथरतोय, आई."

"थरथरू दे. कोणी हसत नाहीये. आण."

दोरी परत आली.

बाईंनी बोट फिरवले. उंचवटा नव्हता. गाठीच्या कडेला केसाएवढी चीर होती. "बाबा, हे तुम्ही…?"

आजोबांनी अंगठा मुठीत लपवला. "खडबडीत लागत होतं गं."

चिरेत सरस भरला, वरून दोरा गुंडाळला. गुंडाळायला आजोबाच बसले. वेढे अंगठ्याला टोचत होते, पण त्यांनी एकही घासला नाही. त्यानंतर दर खुर्चीला हात लावण्याआधी ते सुनेला विचारत, "हे असंच राहू द्यायचंय का?" बाईंनी मला आणखी खरवडून ओढायला हलके केले. मग काडीचा बाण निशाणाच्या चकतीला लागू लागला.

काडी मोठी झाली, मी तिला पुरेना. कुणीतरी दोरी न उतरवताच मला टांगले. कित्येक उन्हाळे मी ताणलेलेच राहिले. म्हणून आता दोरी काढली तरी माझी पाठ सरळ होत नाही.

आज काडी मुलांना तिरंदाजी शिकवते. तिनेच धूळ पुसून मला खाली काढले.

मित्रांनो, काम झाले की दोरी उतरवा. एखादा उंचवटा खुपला तर तो घासण्याआधी विचारा की तो कुणी आणि कशासाठी ठेवला. आणि टिक् ऐकू आले तर थांबा, कारण लाकडाला दुसऱ्यांदा सांगायची सवड मिळेलच असे

मुलीने बाण लावला.

वाकते आहे. आणखी. गाठ. दोरा. आणखी. मूठ हनुवटीला टेकली.

"थांब," काडी म्हणते. तिचा कान माझ्याजवळ आला आहे. "काही ऐकू आलं?"

"नाही, ताई."

"नक्की?"

"नक्की."

"मग सोड."