येणार येणार म्हणून कपाटात ठेवलेला मी

मी बोलतोय. अहो, कपाटात नका शोधू, खाली बघा. काउंटरच्या बाजूला तुटके चार्जर आणि मेलेले रिमोट टाकलेला खोका आहे ना, त्यात सगळ्यात वर पडलोय तो मी. काळाभोर, उभट, खांद्याला तिरका उतार. गेम खेळायचं यंत्र वाटतोय ना? सगळ्यांना तसंच वाटायचं. पण उचलून बघा, पोटात काही म्हणजे काही नाही. दुकानात नुसता दाखवायला ठेवतात तो डमी आहे मी.

माझा जन्म म्हणजे काय, साच्यात गरम प्लास्टिक ओतलं, गार झाल्यावर दोन अर्धुकं चिकटवली, झालं. आमच्या रांगेतल्या कुणाच्याच पोटात काही घातलं नाही. मला वाटलं, घालतील सावकाश, घाई काय आहे! शेवटी एका बाईंनी मला फडक्याने पुसलं आणि म्हणाल्या, "अगदी खऱ्यासारखा झालाय हो!" मी मेला ते कौतुक समजलो.

मला या दुकानात आणलं ते कंपनीच्या माणसाने. चकचकीत बूट, गळ्यात ओळखपत्र आणि तोंडात सदा न कदा "नक्की". दुकान ताईंचं. अख्खी गल्ली त्यांना ताईच म्हणते, त्यांच्याहून थोरली माणसंसुद्धा. पुढे विक्री, मागे दुरुस्तीचं टेबल, आणि मधे काचेचं कपाट. ताईंची एक रीत होती. गिऱ्हाइकाच्या गळ्यात काही मारायचं नाही. "हे नका घेऊ, तुमच्या कामाचं नाही," असं तोंडावर सांगून माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवायच्या. आणि माल दुकानात आल्याशिवाय कुणाकडून आगाऊ एक पैसा घ्यायचा नाही, नुसत्या तोंडी शब्दावर नाव लिहून ठेवायचं. म्हणून तर लोक लांबून त्यांच्याकडे यायचे.

"उन्हाळ्याआधी बाजारात येतोय, नक्की," कंपनीचा माणूस म्हणाला. ताईंनी मला कपाटात अगदी मधोमध ठेवलं आणि पुढ्यात तारखेचं कार्ड उभं केलं. आजूबाजूला सगळ्या खऱ्या वस्तू, त्यांच्यात मी. छाती नुसती फुगली होती हो माझी!

लोक काचेला नाक लावून बघायचे. केक बनवून विकणाऱ्या एक काकू होत्या, दोघे भाऊ होते, आणि एक होते ते "जाणकार". त्यांना या यंत्राबद्दल कंपनीपेक्षा जास्त माहिती होती. पण मला आवडायचे ते बसवाले काका. शहरातली बस चालवायचे, ड्यूटी संपली की खाकी कपड्यांतच यायचे.

पहिल्यांदा ते आले ते घरचं जुनं यंत्र पिशवीत घालून, सोबत लेक. ताईंनी ते उघडलं, फुंकर मारली आणि मान हलवली. "काका, याच्यावर पैसे घालवू नका. गेलं हे."

"अरेरे," लेक म्हणाली. "आता बाबांना भिंतीवर गाडी कोण आपटू देणार?"

काका हसले. "ताई, दिवसभर एवढी मोठी बस चालवतो, आरशालासुद्धा ओरखडा नाही. आणि घरी गाडीच्या शर्यतीत ही पोरगी मला रोज हरवते. चेष्टा आहे का!"

पण चेष्टा नव्हती ती, मी ऐकत होतो ना. काकांच्या पाळ्या कधी पहाटेच्या, कधी रात्रीच्या. बापलेकीचं बोलणं व्हायचं ते शर्यत खेळताना, एकमेकांकडे न बघता. परीक्षा झाली की लेक दूरच्या शहरात शिकायला जाणार होती. मधे तेवढी एक उन्हाळ्याची सुट्टी. काकांना ती सुट्टी हवी होती, बाकी काही नको होतं.

दुसऱ्या कंपनीचं यंत्र समोरच्या फळीवर तयार होतं. त्याच दिवशी घेऊन गेले असते. पण लेक माझ्याकडे बघून म्हणाली, "हा काय भारी दिसतोय!" तेवढ्यावर काका अडकले. "ताई, कुठलं घेऊ?"

"सुट्टी लागायच्या आत हा येतोय," ताई म्हणाल्या. "थांबा काका. मला शब्द दिलाय त्यांनी."

काका थांबले. कंपनीवर त्यांचा कसला विश्वास, ते ताईंच्या शब्दावर थांबले.

आणि मग तारीख पुढे गेली. ताईंनी कार्डावर नवी तारीख चिकटवली. ती उलटली, तिच्यावर आणखी एक चिकटवली. कार्ड जाड होत चाललं आणि कपाटासमोरची गर्दी पातळ. केकवाल्या काकू एकदा आल्या त्या पिशवी पदराआड लपवून. ताईंनी विचारलं, "घेतलंत ना दुसरं?" तर काकू अशा लाजल्या जणू चोरी पकडली. दोघा भावांनी कुणाचं तरी वापरलेलं जुनं यंत्र घेतलं. एका गृहस्थांनी सरळ सायकल घेतली, म्हणाले, "हिच्यावर घाम तरी येतो." जाणकार तेवढे रोज येऊन सांगायचे, "उशीर म्हणजे दर्जा! ज्याला धीर नाही त्याने खेळू नये." मागाहून कळलं, या पठ्ठ्याने पहिली तारीख चुकली तेव्हाच दुसऱ्या दुकानातून दुसरं यंत्र घेतलं होतं! घरी ते खेळून यायचा आणि इथे आम्हाला धीराचे धडे द्यायचा.

तरी मी त्यांना दोष देत नाही. माणसाने किती वाट बघायची? माझा राग त्यांच्यावर आहे, ज्यांनी सगळ्यांना झुलवत ठेवलं.

सुट्टी लागली. काका आले, टोपी हातात. "ताई, स्पष्ट सांगा. दुसरं घेऊन टाकू का? पोरगी जाईल हो."

ताईंनी त्यांच्यासमोर कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो तिकडून म्हणाला, "गाडी भरतेय ताई. याच आठवड्यात. नक्की!"

ताईंनी फोन ठेवला. "आता एवढं थांबलात, आणखी आठवडाभर थांबा," त्या म्हणाल्या.

घ्या हो दुसरं! मी आतल्या आत ओरडत होतो. पण पोकळ पोटातून आवाज कुठला यायला? काकांनी मान हलवली आणि टोपी घालून गेले.

गाडी काही आली नाही. आठवड्यामागून आठवडे गेले. एकदा काका रिमोटचे सेल घ्यायला आले. लेक कुठे, असं ताईंनी विचारलं. "मैत्रिणीकडे असते दिवसभर," ते म्हणाले. "तिच्याकडे दुसऱ्या कंपनीचं यंत्र आहे ना, तिथे खेळतात. मग मी पण जादा ड्यूटी घेतो. घरात बसून काय करू?" हे त्यांनी हसत सांगितलं. ताई हसल्या नाहीत.

लेक गेली. आणि तिच्या मागोमाग, पावसाळा सरता सरता, यंत्र आलं!

ताईंनी खोकं फोडलं आणि माझ्या शेजारी ते ठेवलं. मी बघतच राहिलो. पांढरं, आडवं, गोल कोपऱ्यांचं. माझ्यासारखं त्याच्यात काही म्हणजे काही नव्हतं.

"हे असं कसं?" ताईंनी विचारलं.

"डिझाइन बदललं ना मधे," कंपनीचा माणूस म्हणाला. "हा काळा टाकून द्या. आणि हा घ्या नवा डमी. पुढचं मॉडेल लवकरच येतंय, नक्की!"

टाकून द्या! माझ्यासमोर, माझ्याकडे न बघता म्हणाला तो. मी इतके दिवस कुणाच्या नावावर मिरवत होतो? माझ्यासारखं यंत्र कधी बनलंच नाही. ज्याची वाट बघायला मी लोकांना लावलं, ते येणारच नव्हतं. साहेब, केसाने गळा कापला तुम्ही माझा. आणि माझं सोडा, मी प्लास्टिक. ताईंना तोंडघशी पाडलंत, त्याचं काय?

"तुमचा डमी तुमच्याकडेच ठेवा," ताई म्हणाल्या. "आता माझ्या कपाटात जे विकायला आहे तेच राहील." मग मला उचललं आणि या खोक्यात टाकलं. मला राग नाही आला त्यांचा. मीच त्यांच्या शब्दाला बट्टा लावला होता.

काल काका आले. लेक दोन दिवसांच्या रजेवर आलेली, तीही सोबत. काकांनी ऐटीत पांढऱ्या यंत्राकडे बोट केलं. "द्या ताई! आलं ना शेवटी!"

"अहो बाबा, कशाला?" लेक म्हणाली. "मी उद्या परत चाललेय. एकटे खेळणार आहात का?"

"तुला तेच हवं होतं ना?"

"मला?" ती हसायला लागली. "मी नुसतं भारी दिसतोय म्हटलं हो! तेव्हा तुम्ही कुठलंही घेतलं असतं तरी चाललं असतं. जुनंपानं सुद्धा. मला तुम्हाला हरवायचं होतं फक्त. मैत्रिणीला हरवण्यात काय मजा? मला वाटलं, तुम्हालाच आता कंटाळा आला माझ्याबरोबर खेळायचा."

काकांनी बोट खाली घेतलं. "नाही गं बाळा," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "मीच थांबलो. माझंच चुकलं."

"त्यांचं नाही चुकलं," ताई पुढे झाल्या. "ते विचारायला आले होते. मी थांबवलं त्यांना. दोनदा."

लेकीचं हसू मावळलं. मग तिने बाबांच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "चला, घरी जाऊ." दोघं काही न घेता गेले. ताईंनी पांढरं यंत्र पुन्हा त्याच्या खोक्यात भरलं.

आज भंगारवाला येईल. मला वितळवून कशाची तरी बादली करतील म्हणे. होऊ दे. बादलीत निदान पाणी तरी राहतं. पण जाता जाता तुम्हाला हात जोडतो. घरात कुणी तुमच्या शेजारी बसायला तयार असेल, तर जे यंत्र हाताशी असेल ते लावा आणि आज संध्याकाळीच बसा. माझ्यासारख्याची वाट बघू नका हो. ती पोरगी एक अख्खी सुट्टी समजत होती, की बाबांना तिचा कंटाळा आलाय.