डाग्नीबाईंच्या पायाखालचा चौथरा

मित्रांनो, तुम्ही एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखता. मी माणसाला पायांवरून ओळखतो. वाद्यवृंदाचा संचालक ज्यावर उभा राहून छडी हलवतो, तो लाकडी चौथरा म्हणजे मी. आता जुना झालो आहे, पण पायांची आठवण पक्की आहे.

नॉर्वेच्या किनाऱ्यावरचे आलेसुंद हे माझे गाव. तिथल्या बोटी बांधणाऱ्या कारखान्यात इव्हर नावाच्या सुताराने मला ओकच्या फळ्यांतून घडवले. काम संपल्यावर त्याने माझ्यावर जोरात उडी मारली. मी जरासुद्धा हललो नाही. "बोट बुडेल एखादवेळी, हा नाही बुडायचा," तो म्हणाला. ती माझी पहिली शाबासकी.

गावच्या वाद्यवृंदाचे संचालक आमुंड ब्रेक्के देहाने आडदांड होते. ते स्वतः संगीत रचत आणि स्वतःच त्याचे संचालन करत. स्वतःची रचना असली की त्यांची टाच तालावर आपटायची. दुसऱ्याची असली की ते सगळा भार एका पायावर टाकून उभे राहायचे. मित्रांनो, कंटाळलेला पाय मला लगेच कळतो.

त्यांच्यासमोर व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून जरा मोठे वाद्य, वाजवायला डाग्नी लुंडे बसायच्या. चणीने अगदी लहान. रविवारी त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आणि उरलेल्या वेळात संगीत लिहीत. एका हिवाळ्यात हेरिंग मासळीच्या हंगामात भयंकर वादळ झाले आणि गावच्या काही बोटी परतल्याच नाहीत. आमच्या वाद्यवृंदात पितळी हॉर्न वाजवणाऱ्या टोर्केलचा धाकटा भाऊही त्यांत गेला. डाग्नीबाईंनी त्या माणसांसाठी सिंफनी लिहिली. ब्रेक्के ती बसवायला तयार झाले, पण तालमीत त्यांचा भार एका पायावरच होता.

"मास्तर, जरा सावकाश घ्या," डाग्नीबाई खुर्चीतून म्हणाल्या.

"बाई, याहून सावकाश घेतलं तर लोक घोरायला लागतील."

"घोरू देत. पण हे निरोपाचं संगीत आहे, बोटींची शर्यत नाही."

ब्रेक्के लालबुंद झाले. "मग या! तुम्हीच उभ्या राहा इथे!" असे ओरडून ते माझ्यावरून खाली उतरले. बाई आता गप्प बसतील, असे त्यांना वाटले असावे. डाग्नीबाईंनी व्हायोला खुर्चीवर ठेवला आणि त्या खरोखरच माझ्यावर चढल्या. पाऊल हलके होते, पण दोन्ही पायांवर भार सारखा होता.

"अरे, बाई गेल्या कुठे?" मागून टोर्केल म्हणाला. "मला तर नुसती छडीच दिसतेय!"

सगळे खो खो हसले. पण ब्रेक्क्यांनी बोललेला शब्द मागे घेतला नाही आणि बाईंनी छडी सोडली नाही. पुढच्या तालमीला डाग्नीबाई धक्क्यावरून मासळीची एक रिकामी पेटी घेऊन आल्या, ती माझ्यावर पालथी घातली आणि तिच्यावर उभ्या राहिल्या.

"आता दिसते का, टोर्केल?"

"दिसताय की. वासही येतोय."

पुन्हा हशा पिकला. डाग्नीबाईही हसल्या, मग त्यांनी छडी उचलली आणि सगळ्यांना गप्प व्हावे लागले. खरे सांगतो, ती पेटी मला मुळीच आवडली नव्हती. ओकच्या चौथऱ्यावर खारट वासाची पेटी! पण त्या बाईंचा निर्धार पाहून माझाच ताठा उतरला.

सुरुवातीला त्यांना संचालन अजिबात जमत नव्हते. वल्ही मारावीत तसे हात चालायचे. मग त्या रोज सकाळी रिकाम्या सभागृहात येऊ लागल्या आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघून मोठ्याने म्हणू लागल्या, "आता बासऱ्या... थांबा... आता हॉर्न." एकदा ब्रेक्के मागच्या रांगेत येऊन बसले. बराच वेळ बघून म्हणाले, "कोपर खाली घ्या. तुम्ही वादकांना हाकलताय, बोलवत नाही आहात." आणि निघून गेले. डाग्नीबाईंनी कोपर खाली घेतले.

कार्यक्रमाच्या दिवशी पुढच्या रांगांत बुडालेल्या माणसांच्या घरची मंडळी बसली होती. पहिला भाग उत्तम झाला. मग तो निरोपाचा भाग आला आणि टोर्केलचा हॉर्न खुणेआधीच वाजला. त्याच्यामागे दुसरे चुकले, मग तिसरे. क्षणात सगळ्याचा चुथडा झाला. वर पेटीवर बाईंचे पाय थरथरले. मला वाटले, आता या उतरतील आणि पुन्हा कधी चढणार नाहीत. पण दोन्ही टाचा घट्ट रोवल्या गेल्या. बाई लोकांकडे वळल्या.

"खूण द्यायला मी चुकले," त्या म्हणाल्या. "ज्यांच्यासाठी हे लिहिलंय, त्यांच्या पदरात मी ते मोडकंतोडकं टाकणार नाही. हा भाग पुन्हा पहिल्यापासून."

सज्जातून कुणीतरी म्हणाले, "बाईमाणसाचं कामच नव्हे हे!"

पुढच्या रांगेत टोर्केलची म्हातारी आई बसली होती. मागे वळूनही न बघता ती म्हणाली, "गप्प बस रे. ऐकू दे."

पुन्हा सुरुवात झाली. या वेळी हॉर्न नेमक्या खुणेला आला, इतका हळू की जणू कुणी धुक्यातून हाक मारत होते. शेवटचा स्वर विरला तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत. सगळे सभागृह उठून उभे राहिले.

लोक गेल्यावर टोर्केल माझ्यापाशी आला. "बाई, खूण चुकली नव्हती. मीच आधी वाजवला. भाऊ डोळ्यांपुढे आला."

"ठाऊक आहे मला."

"मग खोटं का बोललात?"

"तुम्हाला लगेच पुन्हा वाजवायचं होतं. चुकलो म्हणून खाली मान घालून कुणाला हॉर्न वाजवता येतो का?"

टोर्केलने बाईंना उतरायला हात दिला आणि ती मासळीची पेटी उचलली. ब्रेक्के मागेच उभे होते. "इव्हरला बोलवा," ते म्हणाले. "या चौथऱ्यावर एक कायमची पायरी बसवायला सांगा. आणि बाई, पुढच्या कार्यक्रमात काय वाजवायचं ते उद्या ठरवू."

मग डाग्नीबाई वर्षानुवर्षे माझ्यावर उभ्या राहिल्या. त्यांनी स्वतःच्या रचना वाजवून घेतल्या, ब्रेक्क्यांच्या आणि परक्यांच्याही. पण संगीत कुणाचेही असो, त्यांनी एका पायावर भार दिल्याचे मला आठवत नाही.

त्या गेल्या. नवे सभागृह झाले, तिथे लोखंडी चौथरा आला. मला जिन्याखाली ढकलले. माझ्यावर रंगाचे डबे रचले, ओल लागली, एक फळी चिरली. आता गावाला माझी आठवण झाली आहे. मला पॉलिश करून, भोवती दोरी बांधून, 'चढू नये' अशी पाटी लावून ठेवायचे ठरते आहे.

मित्रांनो, तुमचा मान मला समजतो. पण पाटी नको. जुन्या वस्तूला जपायचे म्हणजे तिला कामापासून तोडायचे नव्हे. माझी फळी बदला, खिळे ठोका, ओल पुसा. आणि ज्याला किंवा जिला आपले संगीत आपणच उभे करायचे आहे, त्यांना माझ्याकडे पाठवा. लहान असोत, थोर असोत, पाय थरथरत असले तरी चालेल.

चढा. मी हलणार नाही.